वाटेत बसायचं नाही

परभणीकडच्या उन्हाबद्दल कुणी आधी सांगितलं असतं तर मी तिकडे गेलोच नसतो, असं मी पुष्कळदा म्हणतो. पण ते बोलण्यापुरतं. सांगितलं असतं तरी गेलोच असतो, कारण घरी बसून राहण्याची मला उन्हाहून जास्त भीती होती.

आमचं घर खाली मालवणाकडे, खाडीच्या काठाला. आठवीत असताना मला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण अंगातली ताकद घेऊन गेला. शाळेत प्रार्थनेला उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा पडलो, मग पुन्हा पडलो. दुसऱ्या खेपेला मास्तरांनी वडिलांना बोलावून घेतलं. वडिलांनी मला खांद्यावर टाकून घरी आणलं आणि शाळा तिथंच सुटली. त्यानंतर घरातली सगळी माणसं माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागली. वडील कामाला जाताना मला पडवीत बसवायचे आणि म्हणायचे, "हयसर बस. उठा नको." आल्यावर आधी मी तिथंच आहे ना, ते बघायचे. ते मायेनंच म्हणत होते. पण पडवीत बसून मला वाटायचं, हा माणूस जन्मभर मला असाच बसवून ठेवणार.

गावचा एक जण कोल्हापुरात बेकरीत होता. त्याच्या मागं लागून मी कोल्हापूर गाठलं, आणि त्या बेकरीच्या मालकाच्या भावाला माणूस हवा होता म्हणून तिथून जिंतूरला गेलो. जिंतूर हे परभणी जिल्ह्यातलं डोंगराजवळचं गाव. मी उतरलो तेव्हा शेतं रिकामी होती, नुसती काळी माती आणि तीत उभ्या राहिलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या. नारळाचं झाड नाही, पाण्याचा वास नाही. पहिल्या आठवड्यात मी रोज परत जायचं ठरवायचो आणि रोज भट्टीपुढं काम निघायचं.

बेकरीच्या मालकांना सगळे चाचा म्हणत, मीही म्हणायला लागलो. चाचांनी मला सायकल दिली. मागं पत्र्याची पेटी, तीत पाव, बटर, टोस, खारी. जिंतूरहून निघायचं, डोंगरातल्या गावांना वळसा घालायचा आणि दुसऱ्या अंगानं उतरून परत यायचं. लोक शेतावर जायच्या आत पाव पोचला तर खपायचा, नंतर घरात म्हातारी माणसं तेवढी उरत. म्हणून चढाला सायकल चालेनाशी झाली की मी ती धरून पळायचो. पळता पळता कधी मधेच लक्षात यायचं, की अंधारी येत नाही. मग आणखीच भीती वाटायची, की आता येईल. पण ती यायची नाही.

त्या भागातली एक गोष्ट आधी सांगायला हवी. तहानलेल्याला तिथं नुसतं पाणी देत नाहीत. आधी हातावर गुळाचा खडा ठेवतात, मग तांब्या. आणि बसवल्याशिवाय तांब्या हातात देत नाहीत. उभ्यानं पाणी प्यालं तर पाणी लागतं म्हणतात, आणि पाणी देणाऱ्या घराचा अपमान होतो तो वेगळाच. घाई आहे म्हणून सांगावं, तर "घाईतच तर माणूस मरतंय, बस," असं उत्तर मिळायचं. माझ्यासारख्या परक्या पोरानं नको तरी कसं म्हणायचं? मी बसायचो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती वर्षं. तो वाद कधी थंड झाल्यासारखा वाटायचा, मग एकाएकी बंद, मोर्चे, एसटी उभ्या. एसटी बंद असली तरी माझी सायकल चालू असायची. गावातल्या माणसांत आणि गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत बोलणं असायचं, पण कोण कुणाकडचं पाणी पितो हे लोक ध्यानात ठेवीत. मी पाव दोन्हीकडे विकायचो, म्हणून पाणीही दोन्हीकडे प्यायचो. एकदा चढावरच्या गावात हॉटेलापुढं बसलेल्या एकानं विचारलं, "वस्तीवर पाणी पितोस म्हणं?"

मी म्हणालो, "तहान लागते."

तो म्हणाला, "तहान तर लागतीच. बटर दी दोन." पुढं कुणी काही विचारलं नाही. पण कित्येक दिवस त्या हॉटेलावरून जाताना मी घंटी जास्तच वाजवत जायचो.

मला सायकल धरून चढावर पळताना जिंतूरच्या हायस्कूलच्या पीटीच्या सरांनी बघितलं. ते मोटरसायकल थांबवून म्हणाले, "सायकल सोडून पळून बघितलंस का कधी?" मी म्हटलं, सायकल सोडून कशाला पळू? ते हसायला लागले. त्या वर्षी तालुक्याच्या क्रीडा मंडळानं अर्ध्या मॅरेथॉनचं काढलं होतं. एकवीस किलोमीटर आणि वर थोडं. अंतर सरांनी एसटीच्या टप्प्यांवरून काढलं होतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा, असे साडेतीन. उरलेल्या थोड्यासाठी शेवटी मैदानाला एक चक्कर. रस्ता माझ्याच फेरीचा, कारण वळसा घालून परत येणारा दुसरा डांबरी रस्ताच नव्हता. सरांनी माझं नाव घातलं. मी नको नको म्हणत होतो आणि आतून मला फार बरं वाटत होतं. जो मुलगा प्रार्थनेला उभा राहू शकत नव्हता, त्याचं नाव कुणीतरी पळायच्या शर्यतीत घातलं होतं.

हे मी आनंदानं घरी कळवलं. चूक तिथंच झाली.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी मी टोसाचे ट्रे उतरवत होतो. दारात वडील उभे. हातात पिशवी, डोक्याला टॉवेल, ओठ फुटलेले. मालवणाहून जिंतूरपर्यंत गाड्या बदलत आलेले. घरातून बाहेर पडून ते कुडाळच्या बाजारापलीकडे फारसे कधी गेले नव्हते.

"बाबा?"

"घे पिशवी आवरून," ते म्हणाले. "घराक चल."

रेडिओवर मराठवाड्याचं नाव निघालं की आई जेवायची नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यात मी कळवलेलं. "तेरा मैल? उन्हात? डोक्यार परिणाम झालो काय तुझ्या? थंय रस्त्यार पडलंस तर तुका वळाखता कोण?"

मला तेव्हा भांडता यायचं नाही, अजूनही येत नाही. भट्टीपुढून चाचा हात पुसत आले. त्यांनी वडिलांना बाकावर बसवलं, चहा मागवला.

"लडके को ले जाना है तो ले जाओ भाईसाब, बाप हो तुम," चाचा म्हणाले. "मगर कल दौडने दो. पूरे बाजार को मालूम है. नहीं दौडा तो बोलेंगे, बाप आया और डर के भागा."

वडिलांना हिंदी पुरतं कळत नव्हतं, पण "भागा" कळलं असावं. त्यांनी चहा संपेपर्यंत विचार केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धाव. पण वाटेत खंय बसलंस, तर सांजच्या गाडयेन माझ्यावांगडा घराक. आणि नाय बसलंस तर ऱ्हव हय. मी कायएक बोलूचंय नाय."

"नाही बसणार," मी म्हणालो.

चाचांनी हात वर केला, म्हणजे झालं. मलाही वाटलं, झालं. पडवीत बसून राहणं टळावं एवढंच मला हवं होतं, आणि त्यासाठी न बसता पळायचं होतं, त्यात काय? उजाडता उजाडता सुटायची शर्यत. ऊन व्हायच्या आत चढ संपलेला असेल. शिवाय वडिलांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी आयुष्यात दिलेला शब्द फिरवलेला मी पाहिला नव्हता, आणि त्यातच माझी भीतीही होती. फिरवत नाहीत म्हणजे दोन्हीकडून फिरवत नाहीत.

उजाडलं तेव्हा आम्ही मैदानात होतो. प्रमुख पाहुणे नव्हते. झेंडा त्यांनीच दाखवायचा होता. आम्ही उड्या मारून अंग गरम केलं, मग ते गार झालं, मग उन्हानं आपोआप गरम झालं. लाऊडस्पीकरवर "पाहुणे निघालेले आहेत" असं सांगत होते. कुणीतरी म्हणालं, "निघालेत खरं, पण कुठून निघालेत ते सांगंना." परभणीहून कृषी विद्यापीठाची पोरं आली होती, कापडी बूट घालून. त्यांतला एक मला म्हणाला, "तू अनवाणी पळणार का?" मी म्हटलं, चपला आहेत, पण त्या सायकलीच्या आहेत. म्हणजे काय, ते त्याला कळलं नाही. मलाही धड सांगता आलं नाही. सायकल धरून पळायच्या सवयीच्या, असं काहीतरी मला म्हणायचं होतं.

पाहुणे आले तोवर पळसाची सावली बुंध्याशी गोळा होत आली होती. हार झाले, भाषण झालं. खेळाचं महत्त्व सांगताना त्यांनी स्वतःच टॉवेलनं मान पुसली. मग झेंडा पडला.

मंडळाची एक जीप मागून येणार होती. तीत पाण्याचा माठ, ग्लुकोजचा डबा आणि एक कंपाउंडर. सरांनी वडिलांना त्याच जीपमध्ये बसवलं. "बघा तुमच्या डोळ्यांनी," म्हणाले. मी पळता पळता मागं वळून पाहिलं तेव्हा वडील जीपच्या दांडीला धरून पुढं वाकलेले होते, होडीत बसतात तसे.

पायथ्याच्या गावापर्यंत मी मजेत होतो. विद्यापीठाची पोरं पुढं गेली, त्यांना जाऊ दिलं. गावात शिरलो तर पारावरून हाक आली.

"पाववाल्या, आज सायकल कुठं विकलीस?"

"तुज्यामागं कोन लागलंय रं, कुत्रं का पोलीस?"

आणि तेवढ्यात एका घरातून एक बाई तांब्या आणि गूळ घेऊन आडवी आली. मी रोज तिच्याच ओट्यावर बसायचो. "बस," ती म्हणाली. मी गूळ घेतला, तांब्या घेतला आणि उभ्यानंच तोंडाला लावला. उरलेलं डोक्यावर ओतून घेतलं. तिचा चेहरा उतरला.

"उभ्यानं? आरं मी काय केलं तुला?"

"माझे बाबा मागनं जीपमध्ये येतायत," मी तिला सांगितलं. "वाटेत बसलो तर मला घरी घेऊन जाणार. कायमचं."

"कामून?"

कामून ते सांगायला वेळ नव्हता. मी निघालो.

मग जे झालं ते त्याच लोकांना सुचू शकतं. पायथ्याच्या गावचा दूधवाला राजदूत मोटरसायकलवरून चढ चढून पुढच्या गावाला निघालेला होता. बाईकडून सगळं ऐकून तो मला ओलांडून गेला, आणि माझ्या आधी ती बातमी गावात पोचली. मी अर्धा चढ चढून, छाती फुटायला आलेली अशा अवस्थेत चढावरच्या गावात शिरतो, तर दोन्ही बाजूंना माणसं उभी. बायका, म्हातारे, शाळा सुटलेली पोरं. आणि सगळे एकच ओरडत होते.

"बसू नको! बसू नको रं पाववाल्या!"

हॉटेलवाल्यानं बाहेरचं बाकडं उचलून आत नेलं होतं. एका आजोबांची खाट सावलीला होती, ते बिचारे अंगणात उभे राहून खाट भिंतीला उभी करत होते, मला मोह नको म्हणून. ज्यानं मला वस्तीवरच्या पाण्याचं विचारलं होतं, तो तांब्या घेऊन माझ्याबरोबर पळत होता. "पळता पळता पी," म्हणत होता. निम्मं पाणी माझ्या नाकात गेलं. मला हसूही येत होतं आणि रडूही. मागून कुणी जीपला हात करून वडिलांना सांगत होतं, "बसला न्हाई हो! आमी बगितलंय, बसला न्हाई!"

त्यानंतरचा चढ मात्र एकट्याचा होता. झाड नाही. डांबर पघळून चपलेला चिकटत होतं. वाटेत विद्यापीठाचा तो कापडी बूटवाला रस्त्याच्या कडेला पाय पसरून बसलेला दिसला. "जीप येतेय का?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. त्याला बसायला कुणाची मनाई नव्हती, याचा मला क्षणभर हेवा वाटला.

माळावर पोचता पोचता ऊन पांढरं दिसायला लागलं. आधी ते मला चांगलं वाटलं. मग त्या पांढऱ्यात काळे ठिपके आले, आणि ते ओळखीचे होते. प्रार्थनेच्या रांगेतले. इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, नेमके आजच. मी चालायला लागलो. चालताना मनात एकच हिशेब, की पडणं म्हणजे बसणं धरतात का.

वस्ती माळाच्या टोकाला. विहार, त्यावर निळा झेंडा, समोर लिंबाचं झाड आणि त्याच्या सावलीत आजीचं दार. आजी म्हणजे माझं रोजचं गिऱ्हाईक. दात नव्हते, म्हणून टोस चहात बुडवून खायच्या. टोस कडक निघाला तर दुसऱ्या दिवशी मला शिव्या. मी लिंबाला धरून उभा राहिलो.

आजी बाहेर आल्या. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बस."

"आजी, नको. बाबा..."

"समजलंय मला. राजदूतवाला बोंबलत गेला हितून. बसू नको म्हणला म्हणं तुजा बाप. कुठं हाय त्यो?"

"येतायत."

"येऊ दी की. बस आधी." आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली दाबलं. हात कसला, वाळक्या काडीसारखा. पण मी खाली गेलो. पाठ लिंबाला टेकली. त्यांनी गूळ माझ्या तोंडातच घातला, फडकं ओलं करून मानेवर ठेवलं आणि तांब्या धरून घोट घोट पाजलं. ते पाणी आत गेलेलं मला अजून आठवतं. काळे ठिपके एकेक करून उठून गेले. आणि ठिपके गेल्यावर समोर जीप उभी असलेली दिसली.

मला वाटलं, संपलं. उठायचा प्रयत्न केला तर आजींनी पुन्हा दाबलं.

वडील जीपमधून उतरले. जीपमध्ये मागे दोघे-तिघे आडवे पडले होते, कापडी बूटवाला रुमाल डोक्यावर घेऊन. वडील माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मला शाळेतून खांद्यावर घरी आणताना झाला होता, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"तुमीच का ह्याचे बाप?" आजींनी विचारलं.

"होय."

"लय लांबून आलाव म्हणं."

"होय."

"लांबून आलाव अन् लेकराला उभ्यानं पाणी प्या म्हणून सांगितलंव. तुमच्याकडं अशी रीत हाय का? पाणी मुबलक असल तुमच्याकडं. हितं माणूस पाण्यासाठी बसतंय."

आजींनी अंगणातली बाज सावलीत ओढली. "बसा."

"नको, आमी असेच..."

"कामून नको?" आजींनी अगदी सरळ विचारलं. आवाजात राग नव्हता. उलट थोडी गंमत होती, म्हणजे मला तशी वाटली. "पाणी चालत न्हाई का आमचं?"

कंपाउंडर माठाचं झाकण नीट करायला लागला. जीपचा ड्रायव्हर दुसरीकडे बघायला लागला. आमच्या गावी महारवाड्याच्या वाटेनं गेलं तरी वडील घरी आल्यावर पाय धुवायचे. हे मी आजींना कधी सांगितलेलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. मी खाली बसलेलो, आणि माझ्या बसण्याची काळजी त्या क्षणाला माझ्या मनातून पार गेली. वडील काय करतात एवढंच मी बघत होतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मानेवर आजींचं ओलं फडकं होतं, ते पाहिलं. मग ते बाजेवर बसले. हात पुढं केला. आजींनी त्यावर गूळ ठेवला. त्यांनी तो खाल्ला, तांब्या घेतला आणि प्याले. डोकं मागं टाकून, थांबत थांबत, त्यांचा कंठ वर खाली होताना मला दिसत होता. तांब्या रिकामा झाल्यावर त्यांनी तो पुन्हा पुढं केला.

"आजून आसा?"

बोली आजींच्या ओळखीची नव्हती, पण तांब्या होता. "हाय की," त्या म्हणाल्या. "लागंल तेवढं हाय हिरीला. प्या."

दुसरा तांब्या पिऊन झाल्यावर वडिलांनी कंपाउंडरला विचारलं, "किती ऱ्हवला?"

"आता उतारच हाय. एक गाव लागंल, मग जिंतूर."

मग मला. "डोळ्यांफुडे काळोख आसा?"

"आता नाय."

"मगे ऊठ. बसून ऱ्हवलंस तर पाय आखडतले."

मी उठलो. आजी म्हणाल्या, "उद्या टोस मऊ आण." मी हो म्हणालो. उद्या मी इथं असेन की गाडीत, ते मला ठाऊक नव्हतं, पण हो म्हणालो.

उतार मी पळालो, म्हणजे पाय खाली पडत होते आणि मी त्यांच्याबरोबर जात होतो. जीप आता लांब राहत नव्हती. माझ्या मागंच, गिअर घालून, गुरगुरत येत होती. ड्रायव्हर कुरकुरत होता, "इंजिन तापायलंय हो." आणि वडील त्याला मालवणीत काहीतरी समजावत होते. शेवटच्या गावातली माणसं "बसू नको" ओरडायला तयार उभी होती. वडिलांनी जीपमधून हात केला आणि ते ओरडले, "पाणी दिया त्याका, पाणी!" कुणाला किती कळलं कोण जाणे, पण दोन बायका तांबे घेऊन धावल्या.

मैदानात पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते. पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता म्हणून बक्षीस समारंभ आधीच उरकला होता, काही जण पळतच होते तरी. सरांनी कुठूनतरी सुतळी पैदा केली, तिचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं चाचांनी. मैदानाची चक्कर मारून मी त्या सुतळीवर जाऊन पडलो. चाचांनी पोतं भिजवून आणलं होतं, ते माझ्यावर टाकलं. "जिंदा है," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. सरांनी पाठीवर थाप मारली. कितवा आलो ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

बेकरीत गेल्यावर मी अंघोळ केली आणि पिशवी भरायला घेतली. दोन शर्ट, एक टॉवेल, आरसा. वडील बाकावर बसून चपलेचं डांबर खरवडत होते. त्यांच्याही चपला डांबरानं भरल्या होत्या.

"ह्या कित्याक?" त्यांनी पिशवीकडे बघून विचारलं.

"बसलंय मी," मी म्हणालो. "तुमी बगलंत."

ते खरवडत राहिले. भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला. मी शर्टाची घडी घातली, ती बिघडली, पुन्हा घातली.

"बसलंय तर मी पण," ते म्हणाले. "ठेव ती पिशवी."

मी तसाच उभा राहिलो. मला नीट कळलं की नाही याची खात्री नव्हती आणि पुन्हा विचारायची हिंमत नव्हती. चाचा भट्टीपुढून म्हणाले, "ठेव बोले ना अब्बा? ठेव." तेव्हा ठेवली.

"जीपीत बसून बगलंय मी," वडील म्हणाले. "सगळो गाव रस्त्यार. तू पडलंस तर तुका वळाखता कोण, असा मी म्हटलंय." ते थोडे हसले. "आमच्या गावात मी पडलंय तर माका उचलूक इतकी माणसा येवची नायत."

संध्याकाळच्या एसटीला मी त्यांना सोडायला गेलो. माझे गुडघे वाकत नव्हते, त्यांची पिशवी त्यांनीच घेतली. चाचांनी आईसाठी बटराची पुडी दिली होती. गाडी लागल्यावर त्यांनी खिडकीची जागा पकडली आणि मी खाली उभा राहिलो.

"आयेक काय सांगशात?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "सांगतलंय, बरा जेवता म्हणून."

"आणि धावलंय ता?"

"ता नाय सांगूचंय. ती जेवण सोडीत." मग कंडक्टरनं घंटी दिली आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला खिडकीतून हात काढला, तो माझ्या कानाला लागला, आणि गाडी हलली.

ती परभणीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथं होतो. मग स्टँडच्या नळाशी तोंड धुवायला गेलो. मी बराच वेळ तोंड धूत राहिलो. मागं रांगेत उभा असलेला माणूस म्हणाला, "झालं का भाऊ? आमाला बी पायजे पाणी." मी बाजूला झालो आणि त्याला म्हणालो, घ्या, घ्या. बेकरीपर्यंतचा रस्ता मी लंगडत, सावकाश, अगदी सावकाश गेलो. कुठं जायची घाई नव्हती. सकाळी फेरी होतीच.